अडीच दाजींचं अंतर

दिवाळीच्या सुट्टीत ताईच्या शेतावर, पिंपळगाव रेणुकाईला गेले ती बॅगेत सुती झुला घेऊनच. दोन झाडांना बांधायचा आणि आत मस्त आडवं व्हायचं, एवढंच डोक्यात. चहाही न घेता मी दाजींना म्हणाले, "चला, जल्दी दोर काढा!"

बांधावर एक कडुनिंब आणि पार लांब एक चिंच. दाजींनी दोर जोडून झुला असा ताणला, की वर कपडेच वाळत घालावेत. मी चढले आणि झुल्यानं मला पलीकडे मातीत पालथं टाकलं. कापूस वेचणारी ताई धावत आली. मला लागलं नाही हे पाहून हसत खालीच बसली.

मग कडुनिंब आणि जवळचा लोखंडी खांब धरला. तिथं माझं मुटकुळं झालं. गुडघे हनुवटीला, बूड जमिनीला.

"मधलं अंतर पाह्यजे," ताई म्हणाली. "पण मधलं म्हंजे केवढं?"

मोजायला टेप नव्हता. मी झुला जमिनीवर पसरला. ताई म्हणाली, "अहो, तुम्हीच व्हा की आडवे." दाजी शेजारी झोपले, मग पुढं सरकून पुन्हा झोपले. झुला बराबर दोन दाजी भरला!

"दोन्हीकडं दोराला जागा," मी ओरडले, "म्हणजे अडीच दाजी!"

मग दाजी झाडाझाडांमध्ये आडवे होत निघाले. शेजारच्या शेतातले एक काका ओरडले, "काय झालं हो तुम्हाला?"

"मोजून राह्यलो!" दाजी झोपूनच म्हणाले.

विहिरीकडची बाभूळ आणि जांभूळ यांच्यामध्ये अडीच दाजी सापडले. हात पोचेल तिथं दोर बांधले, मध्ये खुर्चीइतक्या उंचीवर येईल असा झोळ सोडला. मी जरा तिरपी झोपले आणि पाठ अलगद सरळ झाली. वर जांभळाची पानं, खाली काहीच नाही! मी आनंदानं किंचाळलेच.

"उतर आता, मला बघू दे," ताई म्हणाली. कमरेची कापसानं भरलेली ओटी सोडायचंही तिला भान राहिलं नाही. तशीच चढली.

"मंग माझा नंबर कवा?" दाजींनी विचारलं.

"थांबा हो जरा!"

त्या दुपारी कापूस तसाच राहिला. आम्ही तिघं संध्याकाळपर्यंत पाळीपाळीनं झुलत होतो.