चार घागरी पाणी

कुजक्या काडाचा वास आला की भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडमधलं आमचं प्रशिक्षण आठवतं. मशरूम काढून उरलेल्या काडाचं खत करायचं. ज्याचा ढीग आतून गरम, तोच पुढं पगारावर गावोगाव शिकवणार. शेजारीणबाईंचा ढीग वाफाळत होता. लेकीला लातूरच्या क्लासला घालायला त्यांना ती नोकरी हवीच होती. "भाऊ, क्लासची चौकशी करून येते. माझ्या ढिगाकडं बघा," म्हणाल्या. मी बघितलं की! चार घागरी पाणी ओतून बघितलं. चौथ्या दिवशी ढीग तपासायला आलेल्या साहेबांनी त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि नाक दाबलं. "बाई, खत हाय का गटार?" सगळे हसले; सगळ्यात मोठ्यानं मी. "माझ्याच हाताला गुण न्हाई, भाऊ," त्या मलाच म्हणाल्या. नोकरी मला लागली. आजही पहिल्याच तासाला मी बजावतो, "पाणी जास्त झालं की ढीग मरतो," आणि उदाहरण म्हणून त्यांचंच सांगतो. बाया पोट धरून हसतात.