दोघींचं भांडण एकीच्या तोंडून

बसस्टँडच्या बाहेर गाड्या लावायच्या जागेवर ती बसायची. लोक तिला फौजदारीण म्हणत. पोलिसात तिचं कुणी नव्हतं, पण तिच्या परवानगीशिवाय एखाद्या सायकलीनं मान वळवावी, असं त्या जागेवर घडत नसे. वर पत्रा, खाली लोखंडी खुर्ची आणि खुर्चीत ती. खुर्ची कुठं संपली आणि बाई कुठं सुरू झाली, हे देवालाही सांगता येणार नाही. हे वाक्य दुसऱ्या कुणाचं नव्हे, तिचं स्वतःचं.

आपल्या देहावरचा विनोद दुसऱ्याच्या तोंडून निघायच्या आत ती आपल्या तोंडून काढायची. हे शहाणपण तिला परकर-पोलक्यातच आलं होतं. लोक बोलणार, ते काही चुकत नाही. मग आपणच आधी बोललं, तर त्यांच्या वाट्याला नुसतं हसणं उरतं. आणि ते हसत असतानाच दुसरा टोला त्यांच्या पाठीत बसला पाहिजे.

"जरा सरकता का, गाडी लावतो," असं एखादा रिक्षावाला म्हणाला, की ही म्हणे, "मी सरकले तर गाव सरकेल, बाबा. तूच आत ये. तुला काय, शर्ट काढला की उरतंच काय?"

तिच्या तोडीचं माणूस एकच होतं, तिची धाकटी जाऊ. दोन भावांची दोन घरं, मध्ये एक भिंत. जाऊ अशी किडकिडीत, की दोरीवर वाळत घातलेली वाटावी. विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ते हेच. त्यात भोपळा कोण, हे फौजदारीणच आधी सांगून टाकायची.

"जाऊबाई, तुम्ही दारात उभ्या राहिलात, की आमच्याकडं दिवस मावळतो."

"आणि तू उभी राहिलीस, की पाहुण्यांना वाटतं दार उघडंच आहे."

या तोफखान्याखाली दोघींचे नवरे खाली मान घालून जेवत.

पुढं पुढं फौजदारिणीला खुर्चीतच डुलक्या यायला लागल्या. सकाळी उठली की डोकं जड. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सुटायचं, आणि मान छातीवर. वय झालं, असं सगळे म्हणाले. मग एका सकाळी जाऊनं अंगणातून नेहमीसारखा टोमणा मारला, आणि उत्तर आलं नाही. जाऊ थांबली. दुसरा मारला, आधीच्याहून जहाल. तरी काही नाही. ती आत धावली आणि ओरडली, "भावजी, गाडी आणा! जाऊबाई गप्प आहेत!"

ओठ निळसर झाले होते.

फौजदारिणीला जाग आली, तेव्हा ती दवाखान्याच्या अतिदक्षता विभागात होती. पाठीमागून खाट उभी केलेली, नाकातोंडावर घट्ट मुखवटा, त्याचे पट्टे डोक्यामागं, आणि मुखवट्यातून सोसाट्यानं आत येणारी हवा. उशाशी डॉक्टरीणबाई उभी होती.

"छातीवर आणि पोटावर भार आहे," ती सांगत होती. "श्वास पुरता बाहेर पडत नाही. वापरलेली हवा आत साचते आणि गुंगी येते. हे मशीन तुमच्या श्वासाला टेकू देतंय. पण मुखवटा बसून राहिला तरच. नाहीतर घशातून नळी घालावी लागेल. इतक्या जाड मानेत ती घालणं अवघड, आणि पुढं तिच्यावाचून श्वास घ्यायची सवय परत लावणं त्याहून अवघड."

फौजदारिणीला सगळं कळलं. कळलं, आणि तिनं मुखवटा ओढून म्हटलं, "टेकू? मला टेकू द्यायला खांब लागेल, बाई, खांब!"

मशीन किंचाळलं. सिस्टरनं मुखवटा परत लावला.

आणि मग तेच सुरू झालं. हवा आत गेली, की गुंगी उतरे. गुंगी उतरली, की जीभ जागी होई. मुखवटा सुटला, की थोड्या वेळात पुन्हा डोळे मिटत. औषध लागू पडतंय म्हणूनच वाया जातंय, असा प्रकार.

नवऱ्याला जवळ बसवलं. तो बापडा हात जोडून बसून राहिला, तर हिनं मुखवटा काढून विचारलं, "मेलेय का मी, असा बसलायस?" तो उठून बाहेर गेला. बाहेर बाकावर जाऊ होती. डॉक्टरीणबाईनं संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. रक्त पुन्हा तपासून नळीचं ठरणार होतं.

"मला जमत नाही," तो म्हणाला. "तू बस."

जाऊ आत आली. स्टूल ओढून बसली. फौजदारिणीचा हात तिला बघूनच मुखवट्याकडं गेला.

"हात खाली," जाऊ म्हणाली. "तुमच्या वाट्याचंही आज मीच बोलणार. आता मी म्हणणार, जाऊबाई, एवढी मोठी खाट आमच्या लग्नातसुद्धा नव्हती. आणि तुम्ही म्हणणार..." तिनं गाल फुगवले, आवाज जाड केला. "कशी असेल? तुमच्या लग्नात नवरी शोधायलाच चष्मा लागला होता."

फौजदारिणीनं बोट हलवलं. नाही. अगदीच मिळमिळीत.

"बरं. तुम्ही म्हणणार, तुला खाट कशाला गं, तू तर खुंटीवर झोपतेस."

बोट थांबलं. मुखवट्याआड हसू फुटलं, पोट हललं. मशीननं एकदा कुरकुर केली आणि गप्प झालं.

दुपार तशीच सरली. जाऊ एकटीच भांडत होती, कधी या बाजूनं, कधी त्या. सासूच्या पाटल्यांपासून नळाच्या पाण्यापर्यंत सगळी जुनी भांडणं तिनं पुन्हा लढवली. आपली बाजू जोरात, आणि फौजदारिणीची त्याहून जोरात. चुकलं, की बोट हले. जमलं, की पापणी लवे. शेजारच्या खाटेजवळची सिस्टर पाठ करून हसत होती.

अंगाच्या भारानं फौजदारीण खाली घसरली होती. घसरलं, की पोट छातीवर दाबतं आणि श्वास आखूड होतो. म्हणून वर ओढून बसवायला वॉर्डातले चार मामा आले. त्यांतला एक कमरेवर हात ठेवून म्हणाला, "चला रे, आज गोदाम हलवायचंय."

फौजदारिणीचा हात पट्ट्यावर गेला. हे ऐकून घेतलं, असं तिच्या जन्मात झालं नव्हतं. नळी, मान, डॉक्टरीणबाई, सगळं ठाऊक असूनही बोटांनी पट्टा सैल केला.

"गोदाम आहे म्हणून तर चौघं लागले!" आवाज जाड होता, तिचाच; पण तो स्टुलावरून आला. "तुझ्यासारखी रिकामी पिशवी असती, तर पंखा लावूनच सरकवली असती."

मामा गोंधळून एकदा खाटेकडं बघे, एकदा स्टुलाकडं. बाकीचे तिघे खदखदले. "चुकलं, मावशी," तो म्हणाला, आणि नेमकं कुणाला म्हणाला हे त्यालाही कळलं नसावं. त्यांनी तिला वर ओढली, पाठीशी उशा दिल्या, नीट बसवली.

फौजदारिणीनं पट्टा परत घट्ट केला. परकर-पोलक्यापासून ती स्वतःच्याच दारात पहारा देत उभी होती. क्षणभर डोळा लागला तर कुणीतरी आत शिरेल, ही धास्ती तिच्या हाडात होती. आज दुसरंच कुणी उभं होतं, तेही असं, की वाऱ्यानं उडेल. तिनं डोळे मिटले. ही गुंगी नव्हती, साधी विश्रांती होती.

संध्याकाळी मनगटातून रक्त घेतलं. डॉक्टरीणबाईनं कागद दोनदा वाचला.

"साचलेलं उतरतंय. नळी नको. असंच चालू ठेवा. आता घोटभर पाण्यापुरता काढा मुखवटा."

सिस्टरनं पट्टे सोडले. नाकावर लाल वळ उमटले होते. सगळे तिच्या तोंडाकडं बघत राहिले. एवढ्या वेळाचं तुंबलेलं आता काय बाहेर पडतं! फौजदारीण पाणी प्याली. ओठ पुसले.

"माझ्यासारखं तुला काही बोलता येत नाही," ती जाऊला म्हणाली. "उद्या लवकर ये."

आणि मुखवटा तिनं आपल्याच हातानं चढवला.