पॉलिश-शेडमधले बावीस अंश

कारखान्यात त्यांना सगळे शेगडीकाका म्हणत. कारखाना खुर्च्यांचा. थंडीत तो उबदार ठेवायचं काम काकांचं: बॉयलर पेटवायचा, भिंतीलगतच्या पाइपांतून गरम पाणी खेळवायचं आणि रोज सकाळी सहाला प्रत्येक शेडचं तापमान वहीत लिहायचं. एकोणीस वर्षांत वहीत खाडाखोड नाही. म्हणूनच इंधन कसं वाचेल ते शोधायला बोलावलेली इंजिनिअर मुलगी आधी त्यांचीच वही मागून घेऊन गेली, तेव्हा काकांची मान जरा ताठ झाली होती.

आज तिने लॅपटॉप त्यांच्यासमोर उघडला. वहीतल्या आकड्यांवरून तिने अख्खा कारखानाच पडद्यावर उभा केला होता. गार जागा निळी, गरम जागा लाल.

"काका, ही पॉलिश-शेड बघा, लालभडक! इथे गरजेपेक्षा जास्त ऊब जातेय. या पाइपांचं पाणी निम्म्यावर आणायचं. अकरा वाजता साहेबांची सही झाली की सोमवारपासून सुरू."

पॉलिश-शेडमध्ये त्यांची लेक कामाला होती, आणि थंडी वाढल्यापासून, गेला आठवडाभर, ती घरी आल्या आल्या बोटं कोमट पाण्यात बुडवून बसत होती.

"पण तिथे थंडी वाजते म्हणतात गं पोरी."

"किती अंश?"

आता थंडी वाजताना अंश कोण मोजतं? "बोटं वाकत नाहीत इतकी," काका म्हणाले.

"बोटं कुठल्या रकान्यात भरू, काका? बावीस अंश तुम्हीच लिहिलेत."

तेच तर कळत नव्हतं. लेक खोटं बोलणारी नाही. वही खोटी नाही. संगणक हिशेबात चुकत नाही म्हणतात. मग सगळेच खरे, आणि पोरीची बोटं गार कशी? अंगात रक्त कमी असेल का? हल्ली जेवतेही चिमणीसारखं. डॉक्टरकडे न्यायला हवं होतं का? ते तडक शेडमध्ये गेले.

"बाबा, आत्ता काय? सुपरवायझर बघतोय!"

"हात दे आधी."

हात म्हणजे बर्फ. शेजारच्या टेबलावरच्या बाईनेही आपला पुढे केला. "काका, फुकट नाडी बघताय तर माझीही बघा." तोही बर्फच. म्हणजे रक्ताचा प्रश्न नव्हता.

त्यांनी थर्मामीटरकडे पाहिलं. बावीस. खांबाला टांगलेला, गरम पाइपाला जवळजवळ खेटून. टांगला होता त्यांनीच, सहा वर्षांपूर्वी. मधे लावला की खुर्च्यांच्या ढकलगाड्या आपटून फुटायचा. दोन फुटल्यावर त्यांनी तो सुरक्षित जागी नेला, आणि तेव्हापासून शेडचं म्हणून पाइपाजवळचंच तापमान लिहीत आले.

त्यांनी थर्मामीटर काढून लेकीच्या टेबलावर ठेवला. दहा मिनिटांत पारा चौदावर आला.

सांगावं तर इतक्या वर्षांची पत गेली. न सांगावं तर सोमवारी या पोरींचे हात आणखी गारठणार. घड्याळात अकराला पाच कमी होते. काय बोलायचं ते ठरलंच नव्हतं, पण पाय मात्र ऑफिसकडे निघाले.

साहेबांनी पेन उघडलंच होतं. काकांनी एका दमात सगळं सांगितलं.

"म्हणजे तुमची वही रद्दी?" साहेब कडाडले.

"एका शेडची, सहा वर्षांची. बाकीचं... आता माझं मलाच छातीठोक सांगवत नाही, साहेब."

मुलीने बावीसच्या जागी चौदा भरले. लाल शेड निळी झाली. मग तिच्याच कपाळाला आठ्या पडल्या. "पाइप एवढे गरम आणि शेड गार? मग ऊब जातेय कुठे?"

"तिथलं माल काढायचं मोठं दार दिवसभर उघडं असतं ना," काका म्हणाले.

"मी हिशेबात ते बंद धरलंय," ती पुटपुटली.

साहेबांनी पेन बंद केलं. "दोघांनी मिळून पुन्हा मोजा. आणि काका, तुमचं काय करायचं ते नंतर बघू."

हे 'बघू' रागाचं की समजुतीचं, काकांना काही उमगेना. दुपारी लेकीने डबा उघडता उघडता विचारलं, "पाणी कमी होणार का?"

"सध्या तरी नाही."

"आणि तुमच्यावर शेकणार?"

"बहुतेक. नक्की कळलं नाही मला."

"मग सांगितलंत कशाला, बाबा?"

काकांनी तिच्या गारठलेल्या बोटांकडे पाहिलं. "तू जेव आधी," ते म्हणाले.