आईचे तेलकट हात

भार्गव बँकेत अधिकारी होता, पण सुट्टी आली की त्याचा सगळा जीव रेल्वे इंजिनाच्या छोट्या रेझिन मॉडेलमध्ये. सुटे भाग घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. एका रविवारी हिरव्या रंगाचे पोपडे निघाले आणि तो आईवर खेकसला, "तुझ्या तेलकट हातांनी वाटोळं केलं!" रमाबाईंनी डोक्याला तेल लावून झाल्यावर जाता जाता इंजिनावरची धूळ पुसली होती, एवढंच.

रंग खरवडताना त्याला खोक्याच्या तळाशी माहितीचा कागद सापडला. पहिलीच ओळ होती, भागांवर साच्यातलं तेल राहिलेलं असतं, त्यावर रंग धरत नाही, रंगवण्याआधी साबणाने धुवा. हा शहाणा तो न वाचताच रंगवायला बसला होता. त्याचे कान तापले. पण माफी मागायला जीभ उचलेना. त्याने सगळे भाग धुतले, पुन्हा रंगवले. रंग पक्का बसला. मग मान खाली घालूनच त्याने हाक मारली, "आई, बघ ना. हात लावून बघ."

"थांब रे, साबनानं हात धुऊ दे आधी."

नळ बराच वेळ वाहत राहिला. रमाबाई पदराला हात पुसत आल्या आणि दारातच थांबल्या.

"छान झालं बापा. इथूनच दिसते मले."