संध्याकाळी सांगायच्या चुका

मी जाफराबाद सोडलं तेव्हा मला पोचवायला सगळं घर स्टँडवर आलं होतं, एक कुशावर्ता वहिनी सोडून. दादा माझी बॅग सीटखाली सरकवत होता. अण्णा कंडक्टरला तिसऱ्यांदा विचारत होते की जालन्याला उतरल्यावर पुण्याची गाडी लगेच मिळते का. आई खिडकीखाली उभी होती आणि कुणी ऐकत नाही ना हे बघत मला शहाणपण शिकवत होती. "काय येतं म्हणून कुणी इचारलं तर सगळं येतं म्हण. मागून शिकता येतं." आई स्वतः जालन्याच्या पुढं कधी गेली नव्हती. हे शहाणपण तिनं कुठून आणलं होतं कोण जाणे.

वहिनी, म्हणजे दादाची बायको, त्या वेळी मिरचीच्या नेटमध्ये होती. आमच्या भागात संकरित बियाणं तयार करायला जाळीचे मोठे मांडव उभारतात, त्याला सगळे नुसतं नेट म्हणतात. आत बाया दिवसभर वाकून मिरचीच्या कळीतला नर भाग चिमट्यानं काढतात, कळीला लोकरीचा धागा बांधतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दुसऱ्या जातीच्या झाडाचा पराग लावतात. फुलं सोलणं म्हणतात त्याला. आज सोलली नाही तर कळी उद्या उमलते आणि कामातून जाते, म्हणून नणंद गाव सोडून चालली तरी सुट्टी नसते. "फूल थांबत न्हाई ताई, न्हाई तर आले असते," असं वहिनी सकाळीच सांगून गेली होती. मला तिचा राग आला होता. बाविसाव्या वर्षी बी.ए.चा कागद हातात असला की जगात आपणच एकटे कुठंतरी निघालोय असं वाटतं.

आईचं वाक्य पुण्यात चाललं. कॉम्प्युटर येतो का, येतो. इंग्रजी पत्रं लिहिता येतात का, येतात. मग खोलीवर येऊन रडत रडत शिकायचं. अशा थापा मारत मी टिकले आणि पुढं नोकरी शोधणाऱ्या बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत लागले. आता मुलाखतीत कसं बोलायचं हे मीच बायकांना शिकवते. स्ट्रेंग्थ, मॉक इंटरव्ह्यू, बॉडी लँग्वेज हे शब्द माझ्या तोंडात असे बसलेत की गावी फोन केला तरी निसटतात. आई म्हणायची, "पुण्याची झाली गं तू." ते कौतुक होतं की तक्रार, हे मी कधी विचारलं नाही.

हे काम खोटं नाही, तेही सांगते. बायका समोर येऊन बसतात आणि 'मला काय येतं' या मथळ्याखाली काहीच लिहीत नाहीत. "काही नाही, घरीच असते," एवढं बोलून पेन परत देतात. मग मी त्यांना सकाळपासूनचा दिवस सांगायला लावते. लातूरकडची एक बाई होती, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचं पंधरा वर्षं सगळं केलेली. औषधांच्या वेळा, पाठीच्या जखमा, पथ्यपाणी, सगळं तिला पाठ. तिला ते काम वाटतच नव्हतं. आज ती एका वृद्धाश्रमात दहा जणींवर देखरेख करते. अशा वेळी मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा. वाटायचा, असंच लिहिते.

दादा तीन वर्षांपूर्वी गेला. भोकरदनच्या रस्त्याला जीप उलटली, त्यात तो होता. मागं वहिनी आणि तिची एकुलती एक वैष्णवी. गेल्या वर्षी वैष्णवी बारावीत गेली आणि अण्णांनी स्थळं बघायला सुरुवात केली. अण्णा दुष्ट नाहीत. मुलगा गेलेल्या म्हातारपणी त्यांना नातीची काळजी डोक्यावर नको होती, इतकंच. पण वहिनीनं जन्मात पहिल्यांदा सासऱ्यापुढं तोंड उघडलं. पोरीला नर्सिंगला घालायचंय म्हणाली. नेटचं काम वर्षातून तीन-चार महिन्यांचं, त्याच्या जिवावर पोर शिकेल यावर अण्णांचा भरवसा नव्हता. त्यांनी मला फोनवर स्पष्ट सांगितलं, "तुझ्या वैनीला जालन्यात पक्की नोकरी लागली तर पोरीला घेऊन खुशाल ऱ्हावं तिथं. मी आडवा येणार न्हाई. न्हाई तर माघात पोरीला अठरा भरून राह्यले. बार उडवून टाकू."

वैष्णवीला मी पुण्यालाच का आणलं नाही, असं कुणीही विचारेल. दोन खोल्या, नवरा, सासूबाई, ही माझी कारणं. ती खरी आहेत आणि पुरेशी नाहीत. मी तिला घेऊन जाते म्हणू शकले असते, म्हणाले नाही. त्याऐवजी वहिनीला नोकरीसाठी तयार करायचं ठरवलं, कारण ते मला येत होतं.

जालन्याच्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत बाई हवी होती. बियाणं ओल्या कागदावर मांडून ट्रेमध्ये ठेवायचं, वर चिठ्ठी लावायची आणि किती उगवतं ते बघायचं. दहावी पास चालणार होती आणि वहिनी दहावी पास होती. तीन दिवस काम करून घेणार, मग ठरवणार. भाद्रपदात महालक्ष्म्यांना गावी गेले तेव्हा मी वहिनीला समोर बसवलं आणि माझा तो कागद काढला.

"मला काय येतं ताई?" ती म्हणाली. "फुलं सोलता येतात."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर नेटमध्ये गेले. गाव सोडल्यापासूनच्या चौदा वर्षांत पहिल्यांदा. आत भट्टीसारखा उकाडा होता आणि वहिनीचे हात थांबत नव्हते. तांदळाएवढी कळी, तिच्यातलं नेमकं तेवढंच काढायचं आणि बाकीचं दुखवायचं नाही. मी एक करून बघितली, ती देठासकट हातात आली. बाया हसल्या.

काम सुटायच्या वेळी एक प्रकार बघितला. बाया एकेक करून मालकासमोर उभ्या राहिल्या आणि आपापल्या चुका सांगू लागल्या. "तिसरी सरी, बोअरकडून सातवं झाड, एक अर्धं राह्यलं वाटतं." मालक जायचा आणि ते फूल तोडून टाकायचा. वहिनीनं पाच सांगितली. कुणी रागावलं नाही, कुणी हसलंही नाही. अर्धवट सोललेल्या एका फुलाचं बी बाकीच्या बियांत मिसळलं की ते कुणालाच ओळखू येत नाही आणि पुढं सगळा माल फेल होतो, म्हणून ही पद्धत. संध्याकाळी सांगायचं, म्हणजे फूल तोडता येतं.

हे सगळं डोळ्यांनी बघून मला दिसली ती स्वतःला कमी लेखणारी एक बाई. परत येताना मी वहिनीला म्हणाले, "मुलाखतीत असं बोलायचं नाही हं." घरी येऊन कागद भरला. ताकद: बारीक हात, नजर, चिकाटी. आणि खाली, सुधारायच्या गोष्टींमध्ये: स्वतःच्या चुका फार सांगते. बायकांची ताकद हुडकून काढण्याचा माझा धंदा, आणि घरातल्या बाईची सगळ्यात मोठी ताकद मी चुकीच्या रकान्यात लिहिली.

तीन दिवस मी तिचा सराव घेतला. मी मॅडम व्हायचे. "झालं का काम?" मी विचारायचे. "झालं, पण..." वहिनी सुरू करायची. "पण नको," मी म्हणायचे. "मान वर, डोळ्यात बघून सांगायचं, सगळं बरोबर आहे मॅडम." तिसऱ्या दिवशी तिला ते जमलं. आवाज खणखणीत निघाला. वैष्णवीनं टाळ्या वाजवल्या. "आई, तू तर साहेबीणच वाटून राह्यली." वहिनी लाजली आणि मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटली.

दसऱ्यानंतर ती जालन्याला गेली. प्रयोगशाळेच्या प्रमुख शाहीन मॅडम, बदनापूरहून रोज ये-जा करणाऱ्या. पहिले दोन दिवस त्या वहिनीच्या हातावर खूश होत्या. तिसऱ्या दिवशी दोन ट्रेच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. हात धुताना वहिनीच्या स्वतःच्याच लक्षात आलं. तेवढ्यात शाहीन मॅडम आल्या आणि रोज सगळ्यांना विचारायच्या तसं त्यांनी विचारलं, "आज कुठं काही चुकलं का?"

"जिभेवर आल्तं ताई," वहिनीनं मला नंतर फोनवर सांगितलं. "मंग तुमचं बोलणं आठवलं. मान वर केली अन् सगळं बराबर हाये म्हणले."

सकाळी चिठ्ठ्यांचा घोळ उघडकीला आला. मॅडमनी वहिनीला एकच विचारलं, काल हे माहीत होतं का. वहिनी दुसऱ्यांदा खोटं बोलली नाही. हो म्हणाली. जागा दुसऱ्या बाईला गेली.

मी शाहीन मॅडमना फोन लावला आणि पाया पडल्यासारखं बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "चिठ्ठी तो मेरे हाथ से भी बदल जाती," त्या म्हणाल्या. "त्याचं काही न्हाई. पण बी स्वतः बोलत न्हाई ताई. बाईनंच बोलायला पायजे. हात शिकवता येतो, हे शिकवता येत न्हाई."

"तिला येत होतं," मी म्हणाले. "गप्प बसायला मी शिकवलं."

मग त्या म्हणाल्या, "मंग तर तुम्ही लई वाईट केलं." माझ्या कामाबद्दल इतकं खरं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

माघात लग्न झालं. पंधरा दिवसांवर बारावीची परीक्षा होती. परीक्षेचं बघू म्हणून सासरच्यांनी सांगितलं होतं, ते अजून बघताहेत. हळदीला वैष्णवी माझ्याशी नीट बोलली, आत्याला पाटावर बसवा म्हणाली. काही विचारलं नाही तिनं. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी मागच्या अंगणात मंडपातली भांडी पुसत बसली होती. मी शेजारी बसले. इतक्या महिन्यांत फोनवर हजार गोष्टी बोलले होते, ही एक सोडून. म्हणाले, "वहिनी, तुमची नोकरी माझ्यामुळं गेली. चूक माझी होती."

तिनं हातातली परात पुसून बाजूला ठेवली.

"ठावं हाये ताई," ती म्हणाली. "सांजच्याला सांगितलं असतं तर फूल तोडता आलं असतं. आता मिरची लागली."

आवाजात राग नव्हता. असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं. मग तिनं माझी गाडी कितीची आहे ते विचारलं आणि भाकरी टाकायला उठली.

गाव सोडून माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांच्याशी मी घराबद्दल बोलते तेव्हा कुणी शेत म्हणतं, कुणी आईच्या हातचं जेवण म्हणतं. मीही तसंच काहीबाही बोलायचे. आता मला घर म्हटलं की वहिनीचं ते स्वयंपाकघर आठवतं. माझी चूक तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे, ती कुणी बोलून दाखवत नाही, आणि मी पोचायच्या आत माझं ताट वाढलेलं असतं. त्या ताटावर आता मला पोटभर जेववत नाही.