होडीच्या ट्रेलरचं ग्रीस

देवाने माणसाला बुद्धी दिली, पण ती कुठे वापरायची नाही हे सांगायला तो विसरला, याचा चालताबोलता पुरावा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. उभं आयुष्य एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढण्यात घालवून ते निवृत्त झाले आणि विश्रांतवाडीच्या आपल्या बंगलीच्या अंगणात त्यांनी होडी बांधायला घेतली. विश्रांतवाडीत तेव्हा पाणी म्हणजे फक्त नळाचं, तेही सकाळी दीड तास. पण होडी झाली. आठ महिन्यांत झाली, आणि छान झाली. ती खडकवासल्याला न्यायला दोन चाकांचा ट्रेलर हवा होता, तोही दोन महिन्यांत तयार झाला. मग त्या दोन चाकांच्या बेअरिंगमध्ये कुठलं ग्रीस भरायचं हा प्रश्न आला, आणि त्याला दोन वर्षं लागली.

हा प्रश्न मामा येईल त्याला समजावून सांगत. "अहो, मोटारीचं चाक कधी पाण्यात बुडवतात का? नाही. हे बुडणार! गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळून तापणार आणि तसंच धरणात जाणार. तापलेलं हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, एकदम गार पडलं की आतली हवा आकसते, आणि सीलच्या फटीतून पाणी आत खेचून घेते. साधं ग्रीस असेल तर त्याचं ताक होतं. बेअरिंग गंजतं, चाक जाम होतं. मग?" हे 'मग' म्हणून ते बोट वर करून थांबत. एकदा रजिस्टर पत्र घेऊन आलेल्या पोस्टमनला त्यांनी असं पाऊण तास उन्हात उभं केलं. 'मग?' आल्यावर तो शांतपणे म्हणाला, "मग इथे सही करा."

खरं तर उत्तर त्यांना पहिल्याच दिवशी मिळालं होतं. कसबा पेठेत रशीदभाईंचं सुट्या भागांचं दुकान होतं. त्यांचे वडील टांग्याच्या आसांना वंगण विकत, रशीदभाई मोटारींच्या बेअरिंगपर्यंत आले होते. त्यांनी मामांचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं आणि फळीवरचा हिरव्या ग्रीसचा डबा काढून पुढे ठेवला. "मामा, हे घ्या. कोकणातले लाँचवाले माझ्याकडून हेच नेतात. तापलं तरी वितळत नाही, पाण्याने जात नाही." दुसरा कोणी असता तर डबा घेऊन घरी गेला असता. पण मामा पडले पुण्याचे! पाच मिनिटांत मिळालेलं उत्तर बरोबर असेल तर बाकीच्या आयुष्याचं करायचं काय? त्यांनी तो डबा घेतला, आणि आणखी सहा प्रकारची ग्रीस घेऊन हिरव्याचा नंबर सगळ्यात शेवटी लावला. रशीदभाई पैसे गल्ल्यात टाकत एवढंच म्हणाले, "बरोबर आहे. शेवटचं पान आधी वाचलं तर पुस्तकात मजा काय राहिली?"

तेव्हापासून मामींचं स्वयंपाकघर मामींचं उरलं नाही. वाट्यांमध्ये कोमट पाणी आणि त्यात ग्रीसचे गोळे. एक गोळा दुसऱ्या दिवशी दुधासारखा पांढरा झाला, तो बाद. दुसरा पाण्यात जसाच्या तसा राहिला, पण तव्यावर ठेवताच तेल होऊन वाहिला, तोही बाद. आचेला टिकेल त्याला पाणी सोसत नव्हतं, आणि पाणी सोसेल त्याला आच. दोन ग्रीस एकमेकांत मिसळली की दोन्ही बिघडतात, म्हणून प्रत्येकाला वेगळा चमचा. चमचा नेमका कुठल्या डब्यातला हे विसरलं, की तो रॉकेलमध्ये धुवायचा. आमच्या पहिल्या दिवाळसणाला मामांकडे जेवायला मी पाटावर बसलो, तर मामांनी माझ्या चिमटीत तांबूस असं काहीतरी ठेवलं. "जावईबापू, बोटं उघडा आणि मिटा. तार सुटते का बघा." मी घाबरून बायकोकडे पाहिलं. तेवढ्यात मामी लाडवांचं ताट घेऊन आल्या, माझी बोटं पाहिली आणि म्हणाल्या, "दोनतारी झालाय हो पाक. आता उतरवा." आणि आमटीच्या वाट्या ग्रीसमध्ये अडकल्यामुळे त्या दिवशी पंगतीला आमटी पेल्यातून मिळाली.

मामी बोलायच्या ते असं, येताजाता. पण होडी कुणासाठी होती हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मामी कोकणातल्या. त्यांचं माहेर खाडीच्या काठावर, आणि लग्नाच्या वेळी या तरण्या नकाशेवाल्याने त्यांना शब्द दिला होता, "तुला माझ्या स्वतःच्या होडीतून फिरवीन." वडील गेले, भावाने घर विकलं, आणि मामींची खाडी कायमची तुटली. शब्द तेवढा राहिला होता. "लग्नाला तीस वर्षं होतील या वैशाखात," त्या एकदा म्हणाल्या, "त्याच्या आत पाण्यावर नेलंत तर ठीक. नाहीतर त्या होडीत मी कुरडया वाळत घालीन." वैशाख जवळ आला तरी मामा पाचव्या ग्रीसवरच होते. मामी बोलल्या तशा वागल्या. होडीत जुनं लुगडं अंथरून खरोखर कुरडया घातल्या, आणि मामांनी त्या भोवती फिरून "कोरडी राहते हं आतून, गळत नाही," अशी नोंद केली! आता या माणसाला काय म्हणावं?

त्याच आठवड्यात एका दुपारी मी काही कामाने तिकडे गेलो. मामा बाजारात गेले होते. अंगणात कुरडयांच्या बाजूला, होडीच्या आडव्या फळीवर मामी बसल्या होत्या. डोळे मिटलेले, आणि एक हात होडीच्या बाहेर सोडलेला, बोटं हलकेच हलत होती. खाली फरशी होती. मला बघून त्या लाजल्या आणि कुरडया उलटायला लागल्या.

मामा आले तसा मी त्यांच्यावर बरसलोच. "मामा, पुरे झालं! तुमच्या वाट्या-तव्यापायी त्या बाईची हौस जमिनीवरच संपायची. भरा काहीही आणि चला!" जावयाने असं बोलू नये, पण बोललो. मामांनी पिशवी खाली ठेवली. मला वाटलं, आता बोट वर होणार आणि 'मग?' येणार. पण ते हळू आवाजात म्हणाले, "काहीही भरलं आणि भर रस्त्यात चाक जाम झालं, तर होडी उलटेल. तिच्या डोळ्यांदेखत. पुन्हा दुसरी बांधायचं वय नाही माझं. तीस वर्षं थांबवून तिला रस्त्यात उभी करू, जावईबापू?" मी बाह्या वर केल्या. मग आम्ही दोघांनी मिळून शेवटचा, हिरवा डबा उघडला. तो पाण्यात विरघळला नाही. तव्यावर वितळला नाही. मामा त्याच्याकडे बराच वेळ रागाने बघत होते.

वैशाखातल्या एका सकाळी रशीदभाईंच्या जीपला ट्रेलर जोडून आमची वरात निघाली. दर दोन-तीन मैलांवर मामा "थांबा!" म्हणून ओरडत, उतरत आणि ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा हबला हात लावून बघत. खडकवासल्याला पोचलो, समोर पाणी चमकत होतं, मामी काठाला जाऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि मामांनी जाहीर केलं, "हब पूर्ण गार झाल्याशिवाय ट्रेलर पाण्यात जाणार नाही." आम्ही तासभर बसलो. आणलेली थालीपिठं संपली. रशीदभाई म्हणाले, "मामा, हब गार झालं, आता मामी गरम व्हायच्या आत चला." तेव्हा कुठे ट्रेलर मागे पाण्यात गेला आणि होडी तरंगली. मामांनी हात धरून मामींना फळीवर बसवलं, दोर माझ्या हातात दिला, "आलोच एका मिनिटात," म्हणाले, आणि वर ओढलेल्या ट्रेलरचं चाक खोलायला बसले. आत पाणी गेलं का, ते त्यांना बघायचं होतं!

मामींनी एकदा त्यांच्या पाठीकडे पाहिलं. "जावईबापू, दोर सोडा," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी सोडला. त्यांनी पदर खोचला, वल्ही उचलली आणि दोन फटकाऱ्यांत होडी वळवून थेट आत नेली, सरळ, सहज, बाजारात निघाल्यासारखी. मामा आनंदाने ओरडले, "थेंब नाही! आत एक थेंब नाही!" आणि वळले, तो होडी लांब गेलेली. दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवे, तसेच ते उभे राहिले. "हिला वल्हवता येतं?" त्यांनी मला विचारलं. "मला कधी बोलली नाही!"

मामी एक मोठी फेरी मारून परत आल्या. "खाडीकाठच्या मुलीला वल्हवता येतं का, हे काय विचारायला लागतं? बसा." "हात खराब आहेत," मामा म्हणाले. "असू देत. बसा आधी." ते चढले, होडी कलली, मामांचा तोल गेला, आणि त्यांनी हाताला लागला तो मामींचा पदर घट्ट धरला. सणाची साडी, तिच्यावर पाच हिरवी बोटं! "धुऊन टाकू," मामा ओशाळून म्हणाले. काठावरून रशीदभाई ओरडले, "पाण्याने जाणार नाही हो! मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं!" मामी इतक्या हसल्या की वल्ही थांबली. त्यानंतरची काही वर्षं दर उन्हाळ्यात ती दोघं पाण्यावर जात. वल्हवायच्या मामीच, मामा समोर बसून चाकांबद्दल बोलत.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. होडी कुणाला तरी देऊन टाकली. मागच्या दिवाळीत माझी बायको मामींचं कपाट आवरत होती, तेव्हा ती साडी निघाली. पदरावर पाच बोटं, अजून तशीच. "अगं मामी," बायको म्हणाली, "ही धुलाईवाल्याकडे का नाही दिलीस? पाण्याने नाही, पण त्यांच्या औषधाने निघालं असतं की हे."

"म्हणूनच नाही दिली," मामी म्हणाल्या, आणि डाग आतल्या बाजूला येईल अशी घडी घालून त्यांनी ती साडी परत आपल्या हाताने कपाटात ठेवली.