धर्मघटाचे पाणी

वैशाखभर वाटसरूंना पाणी देण्याचे व्रत शांताबाई अनेक वर्षे पाळीत आल्या आहेत. पाणी मागणाऱ्याला 'तू कोण' असे विचारायचे नाही, एवढाच त्यांचा नेम. परवा शेजारच्या शाळेत ग्रामपंचायतीचे मतदान होते आणि त्यांच्या दारातला धर्मघट, म्हणजे दानाच्या पाण्याचा माठ, केंद्राभोवती आखलेल्या शंभर मीटरांच्या रेषेच्या आत येत होता. त्यातून त्यांचा पुतण्या उमेदवार.

"मावशी, आज माठ झाका," हवालदार म्हणाला. "मतासाठी पाणी पाजलं, अशी तक्रार होईल."

"मी स्वतः त्याला मत देत नाही, ते गावाला ठाऊक आहे," शांताबाई म्हणाल्या. मतदानाला उभ्या आमच्या रांगेत हशा पिकला. "पण व्रत कसं मोडू?"

अखेर ठरले की, मत देऊन आलेल्यांनाच पाणी द्यावे.

नियम मला अन्यायाचा वाटला नाही. अपेक्षेचा लेश शिरला की दान दान उरत नाही, असे शास्त्रही सांगते. परंतु मतदान हेही दानच. एका दानाच्या रक्षणासाठी दुसरे का अडवावे लागते, याचा उलगडा मला होईना.

मत देऊन मी त्यांच्या दाराशी गेलो. शांताबाईंनी भांडे भरले, पण हात पुढे केला नाही.

"बोट दाखवा, शास्त्रीबुवा," त्या खाली पाहत म्हणाल्या.

मी शाईचे बोट दाखवले आणि पाणी प्यालो. व्रत मोडले की राहिले, हे त्यांनी विचारले नाही. विचारले असते, तर मला सांगता आले नसते.